भगवंतरावांची खरी गरज

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या कोर्टाच्या व्हरांड्यात मी एकवीस वर्षं हिंदी टाइपरायटर बडवला. तेवढ्या काळात चोर पाहिले, भावाच्या बांधात नांगर घालणारे पाहिले, बायकोला घराबाहेर काढून वर तिच्यावरच केस करणारे पाहिले. त्यांतल्या बहुतेकांबद्दल आज मला काही वाटत नाही. भगवंतराव कामडी मात्र मला तेव्हाही आवडले नाहीत आणि आताही आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे या श्रावणभाऊनं दोन्ही बाजू सारख्या तोलल्या नाहीत असं पुढे कोणी म्हणायला नको. तोलायचं काम न्यायाधीशाचं. त्याला त्याचा पगार मिळतो.

भगवंतराव तसे खाऊनपिऊन सुखी होते. मोहगावच्या रस्त्याला संत्र्याचा बगीचा, गावात बाजाराच्या रस्त्यावर घर, आणि घराच्या दर्शनी भागात दोन खोल्या. एका खोलीत शालिकरामचं सायकल दुकान होतं. पंक्चर काढणं, हवा भरणं आणि तासाच्या हिशोबानं सायकली किरायानं देणं, हा त्याचा धंदा. दुसरी खोली रिकामी होती. भगवंतरावांचा स्वभाव सांगायला एकच गोष्ट पुरे. शालिकरामला दुकानातून काढायला त्यांनी केस टाकली, ती सात वर्षं चालली, आणि त्या सात वर्षांत आपल्या सायकलीत हवा ते शालिकरामकडूनच भरून घेत राहिले. फुकट. पेशीला, म्हणजे तारखेला, कोर्टात यायचं असलं की आधी चाक दाबून पाहायचे आणि सायकल त्याच्यापुढे उभी करायचे. तोही भरून द्यायचा. मला दोघांचाही राग यायचा.

शालिकराम चौदा वर्षांपूर्वीच्या किरायावर बसला होता, हे भगवंतरावांचं खरं दुखणं. आजूबाजूची दुकानं पगडी घेऊन चौपट भावानं उठत होती आणि इथे हा ग्रीसचे हात पुसत जुन्याच नोटा पुढे करायचा. पण नुसतं ‘निघ’ म्हणून किरायेदार निघत नव्हता. कायद्यानं कारणं ठरवून दिली होती. किराया थकला, तर निघतो. शालिकराम दर महिन्याच्या एक तारखेला किराया नेऊन द्यायचा आणि पावती घेतल्याशिवाय हलायचा नाही. जागेची नासधूस केली, तर निघतो. त्यानं तर स्वतःच्या खर्चानं फरशी बसवली होती. मग राहिलं एकच कारण. मालकाला किंवा त्याच्या सज्ञान मुलाला धंद्यासाठी त्या जागेची खरी गरज असली पाहिजे, आणि त्याच्याकडे गावात दुसरी योग्य जागा नसली पाहिजे.

त्यामुळे झालं काय, आमच्या कोर्टात बेकार मुलांचा सुकाळ झाला. ज्याला दुकान रिकामं करून घ्यायचं, तो आपला मुलगा बेकार दाखवायचा. ज्याचा मुलगा नोकरीला, तो धाकट्याला पुढे करायचा. भाऊराव वकिलांकडे तर त्याचा मसुदाच तयार होता. मला फक्त नाव, वय आणि धंदा बदलावा लागायचा. बहुधा किराणा दुकान, कारण वकीलसाहेबांना दुसरा धंदा सुचत नसे. मी असे निदान तीस दावे टाइप केले असतील. त्या हिशोबानं सौंसरात माणशी एक किराणा दुकान व्हायला हवं होतं.

एक्याऐंशी साली भगवंतराव आपल्या मुलाला घेऊन भाऊरावांच्या टेबलाशी आले. वसंत तेवीस वर्षांचा होता. छिंदवाड्याहून बी. एस्सी. झालेला, वर शिक्षकाचं ट्रेनिंग घेतलेला. रोजगार कार्यालयात त्याचं नाव लागलेलं होतं. भाऊराव सांगत होते आणि मी टाइप करत होतो, “वादी का पुत्र वसंत शिक्षित बेरोजगार है और उक्त दुकान में किराना व्यवसाय करना चाहता है.”

वसंतनं विचारलं, “मी किराणा टाकणार हाओ?”

“तुले कोठं टाकाचा हाय?” भगवंतराव म्हणाले. “लिहिण्यापुरतं हाय ते.”

वसंत हसला. त्याला वाटलं, लिहिण्यापुरतंच आहे. मलाही तेच वाटलं होतं.

रिकाम्या खोलीचा प्रश्न भगवंतरावांनी स्वतःच सोडवला. दावा दाखल व्हायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी बगीच्यातली गाय आणून त्या खोलीत बांधली आणि कुटाराची, म्हणजे भुशाची, दोन पोती टाकली. गोठ्यात किराणा कसा थाटणार? बाजाराच्या रस्त्यावर, सोनाराच्या शेजारी, ती गाय सात वर्षं रस्त्यावरची गर्दी पाहत उभी होती. शेण काढायचं काम अंबाबाईंकडे, म्हणजे भगवंतरावांच्या बायकोकडे आलं. त्यांची कंबर त्याआधीच गेलेली होती.

केस सुरू झाली आणि कोर्टाच्या चालीनं चालू लागली. एकदा समन्स शालिकरामला मिळालं नाही. एकदा साहेबांची बदली झाली. एकदा भाऊराव लग्नाला गेले, एकदा शालिकरामचे वकील आजारी पडले. पोळ्याच्या आठवड्यात तर तारीख पडूनही उपयोग नसे, कारण अर्धे पक्षकार पांढुर्ण्याला गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, पाहायला गेलेले असत. दीड महिन्यानं एक पेशी, आणि पेशीला पुढची तारीख.

त्र्याऐंशी साली वसंतचा नोकरीचा आदेश आला. तामियाकडच्या एका शाळेत, सहायक शिक्षक. तो आदेश घेऊन बापलेक भाऊरावांकडे आले. भाऊरावांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि सांगितलं की मुलगा नोकरीला लागला की गरज संपली. गरज संपली की दावा संपला. निकालाच्या दिवसापर्यंत मुलगा बेकारच पाहिजे.

“एकदोन वर्साची तं गोष्ट हाय,” भगवंतराव मुलाला म्हणाले. “नोकऱ्या काय, येतच राह्यतेत.”

आदेशाची घडी घालून वसंतनं ती बापाच्या हातात दिली. पोटच्या पोराची भाकर खुंटीला टांगून ठेवणारा बाप मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी काय केलं? मी दुसऱ्याचा अर्ज टाइप करत बसलो. मला पानामागे पैसे मिळत होते.

त्यानंतर वसंत मोहल्ल्यातल्या पोरांना गणित शिकवू लागला. संध्याकाळी ओट्यावर सातआठ मुलं बसायची. फार चांगला शिकवायचा, माझी मुलगी त्याच्याकडेच अपूर्णांक शिकली. कोणी दहा रुपये दिले तर घ्यायचा. हे कळल्यावर भगवंतरावांनी ते बंद केलं. शिकवणी म्हणजे कमाई, आणि शालिकरामच्या वकिलानं एखादं पोरगं कोर्टात उभं केलं तर? वसंत म्हणाला, मी फुकट शिकवतो. तर म्हणे, फुकट शिकवतो यावर कोण विश्वास ठेवणार. स्वतः फुकटची हवा भरून घेणाऱ्या माणसाला हे बरोबर सुचलं. ओटा रिकामा झाला. वसंत दिवसभर घरात बसू लागला, आणि गावात लोक म्हणू लागले की कामड्याचा पोरगा वाया गेला.

एकदा दुपारी अंबाबाई डोक्यावरून पदर घेऊन एकट्याच माझ्याकडे आल्या. त्या कोर्टात कधी आल्या नव्हत्या. त्यांना वाटलं, केसचे कागद मी करतो म्हणजे केसही माझ्याच हातात असेल.

“भाऊ, हे केस कवा संपन?” त्यांनी विचारलं. “पोरगी पाहाले गेलो तं लोक पुसतेत, पोरगा काय करते. हे सांगतेत, दुकानदार हाय. अन् कोर्टात सांगतेत, काईच करत नाई. म्या कोनतं खरं मानाव?”

मी म्हणालो, “बाई, दोन्ही खोटं हाय.” त्या पाणी प्यायल्या आणि गेल्या. माझ्या बोलण्यानं त्यांना काय मिळालं? काही नाही. पण जीभ चालवायला आपल्याला पैसे पडत नाहीत.

शहाऐंशीच्या जुलैत दुसरा आदेश आला. या वेळी लोधीखेड्याजवळचं गाव होतं, रोज जाऊन येता येईल असं. वसंत अठ्ठावीसचा झाला होता, आणि सरकारी नोकरीच्या वयाच्या अटीत तो आता शेवटचे काही महिनेच बसत होता. यानंतर आदेश येणार नव्हता, हे त्याला माहीत होतं, बापाला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. रुजू व्हायची शेवटची तारीख होती चौदा. आणि चौदा तारखेलाच कोर्टात वसंतची गवाही होती. ज्याच्या गरजेसाठी दावा, त्यानं शपथेवर आपली गरज सांगायची होती.

सकाळी दहाला तो व्हरांड्यात माझ्यापाशी आला आणि शर्टाच्या खिशातून आदेश काढून दाखवला. बापापासून लपवलेला नव्हता. बापानंच तो परत दिला होता. म्हणाले होते, ठेव तुझ्याजवळ, पेशी झाली की पाहू.

“तू इथं काय करून राहिला?” मी म्हणालो. “बस पकड अन् जाय.”

“बाबा म्हनतेत, आज गवाही नाई देल्ली तं पाच वर्सं पान्यात.”

“अन् देल्ली तं?”

त्यानं आदेश घडी करून परत खिशात ठेवला. मग मी एक काम केलं, जे माझ्या धंद्यात कोणी करत नाही. शालिकरामच्या वकिलांना चहाच्या टपरीवर गाठलं आणि कानात सांगितलं की पोराच्या खिशात नोकरीचा आदेश आहे, तेवढं विचारा. मला वाटलं, विचारलं की तो सांगेल. सांगितलं की दावा पडेल, आणि दावा पडला की बापाला त्याच्या बेकारीची गरज उरणार नाही, म्हणजे तो सुटेल. मी फार हुशार समजत होतो स्वतःला.

वसंत पिंजऱ्यात उभा राहिला. शपथ घेतली. किराणा दुकान टाकणार, मीठ, तेल, डाळी ठेवणार, भांडवल वडील देणार, हे सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. मग उलटतपासणी सुरू झाली आणि तो प्रश्न आला.

“आपको किसी नौकरी का आदेश मिला है?”

कोर्टात पंखा फिरत होता. शालिकराम मागच्या बाकाशी उभा होता. भगवंतराव पुढे, टोपी मांडीवर ठेवून. वसंतनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, खुणावलं नाही. काही करायची गरजच नव्हती. अठ्ठावीस वर्षांचा माणूस, स्वतःची भाकर खिशात, आणि पाहतो बापाच्या तोंडाकडे.

“जी नहीं,” वसंत म्हणाला.

साहेबांनी लिहून घेतलं. वकिलांकडे कागद नव्हता, म्हणून ते पुढच्या प्रश्नावर गेले. दारात उभा राहून मी ते ऐकलं, आणि त्या क्षणी मला बापापेक्षा पोराचीच जास्त किळस आली. आज तसं वाटत नाही. तेव्हा वाटली.

बाहेर आल्यावर मी त्याला सांगितलं, चार वाजताची बस आहे, पाचच्या आत पोचशील, कोणी हेडमास्तर नाही म्हणणार नाही. भगवंतराव मध्येच पडले.

“आता जाशीन तं आत्ताच सोगनेवर खोटं बोलला म्हनून तूच फससीन. इचार वकीलसाहेबाले.”

भाऊराव पान चघळत होते. त्यांनी मान डोलावली. बस चार वाजता गेली. वसंत तेव्हा माझ्याच बाकावर बसलेला होता.

सत्त्याऐंशीत निकाल भगवंतरावांच्या बाजूनं लागला. निकालात लिहिलं होतं की वादीच्या पुत्राची गरज खरी आहे आणि त्याची गवाही विश्वासास पात्र आहे. अपील करायला छिंदवाड्याला जावं लागलं असतं. शालिकरामची तेवढी ताकद नव्हती. त्यानं मुदत मागून घेतली, बस स्टँडजवळ टिनाचा शेड टाकला आणि अठ्ठ्याऐंशीच्या सुरुवातीला कोर्टाचा माणूस आला त्या दिवशी स्वतःच कुलूप काढून दिलं. फरशी तेवढी राहिली, ती उखडून नेता येत नाही. पुढच्या आठवड्यात भगवंतराव सायकल ढकलत त्याच्या शेडपर्यंत गेले. शालिकरामनं हवा भरली आणि पहिल्यांदा दहा पैसे मागितले. भगवंतराव महिनाभर गावाला सांगत होते की माणसाला उपकाराची जाण राहिली नाही.

गाय बगीच्यात परत गेली. दुकानात मिठाची दोन पोती, तेलाचा एक डबा आणि वसंत, असा किराणा सहा आठवडे चालला. मग पांढुर्ण्याच्या एका कपड्याच्या व्यापाऱ्यानं पगडी मोजली आणि माल आणून भरला. पण ताबा मिळाल्यानंतर दोन वर्षांच्या आत जागा दुसऱ्याला दिली तर जुना किरायेदार ती परत मागू शकतो, हे भाऊरावांनी बजावलेलं होतं. म्हणून बोर्ड लागला ‘वसंत वस्त्र भंडार’. वसंत गादीवर बसायचा. गल्ल्याची चावी व्यापाऱ्याच्या माणसाकडे. कापड तो माणूस फाडायचा, भाव तो करायचा, वसंतनं फक्त दिसायचं. कोणी विचारलं तर दुकान आपलं म्हणायचं. नोकरीचं वय गेलेलं होतं. लग्न झालेलं नव्हतं. शाळा सुटल्यावर मुलं समोरून जायची, त्यांतली काही त्याच्याकडे शिकलेली होती. ती त्याला ओळख द्यायची नाहीत.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात शालिकराम माझ्याकडे आला. त्यानं बोर्ड पाहिला होता आणि व्यापाऱ्याचा ट्रकही पाहिला होता. मी त्याला कायदा समजावून सांगितला आणि एसडीओ साहेबांच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, कचेरीत द्यायचा अर्ज करायला घेतला. अडचण गवाहाची होती. दुकान व्यापाऱ्याचं आहे हे बाजारातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि सांगायला एकही तयार नव्हता. कापडवाला सगळ्यांना उधारी देत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वसंत आला. गादीवरून उठून, भर उन्हात, डोक्याला काही न बांधता. बाकावर बसला.

“शालिकरामभाऊचा अर्ज तुमच्याकडं हाय म्हनतेत. त्यात गवाह म्हनून माझं नाव लिहा.”

मी हात थांबवला. म्हणालो, “नीट इचार कर. बापाच्या इरोधात उभा राहशीन. अन् तवा सोगनेवर खोटं बोलला, तेही निघन.”

“निघू द्या. मलेच सांगाचं हाय ते.”

“तुले काय भेटन यातून? नोकरी तं भेटत नाई आता.”

“मालूम हाय,” तो म्हणाला.

मी कागद मशीनमध्ये घातला आणि त्याचं नाव, बापाचं नाव, वय एकतीस असं टाइप केलं. व्यवसायाच्या रकान्याशी मी त्याच्याकडे पाहिलं. लिहा काय ते, म्हणाला, तुम्हाला तर माहीतच आहे. मी बेरोजगार लिहिलं. तो उठून गेला, आणि मी ते पान दोनदा वाचून पाहिलं, जे मी सहसा करत नाही. पैसे घेतले नाहीत. मी इतका मोठा माणूस नाही, पण त्या पानाचे घेतले नाहीत.

त्यानं पुढे गवाही दिली, सगळी, चौदा तारखेच्या आदेशासकट. जुन्या खोट्यावरून कोणी त्याच्यावर केस केली नाही. सरकारला तेवढा वेळ नसतो. पुढच्या वर्षी शालिकरामला दुकान परत मिळालं, त्याच फरशीसकट. पण मला सांगायचंय ते अर्ज दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी कोर्ट उघडायच्या आधीच भगवंतराव आले. मी मशीनचं झाकण काढत होतो. मला वाटलं, भांडायला आले आहेत, आणि मी तयारही होतो. आठ वर्षांचं बोलायचं साठलेलं होतं. पण ते भांडले नाहीत. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले, टोपी काढली, पुन्हा घातली. पहिल्यांदाच ते मला म्हातारे दिसले. मला वाटलं, आता हा माणूस विचारेल की माझ्या पोरानं असं काहून केलं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कदाचित चांगल्या शब्दांत सांगितलं असतं.

ते पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, “श्रावणभाऊ, शालिकरामनं त्याले किती देल्ले?”

“काई नाई देल्ले,” मी म्हणालो.

“असं कसं? तरी किती? तुम्हाले मालूम असन. मी त्याच्याहून जास्त देतो. सांगा तुम्ही त्याले.”

“तुमचा पोरगा हाय. घरी हाय ना? तुम्हीच सांगा.”

“घरी नाई आला तो काल,” भगवंतराव म्हणाले. “त्याच्या मायनं जेवन झाकून ठेवलं होतं.”

मग इकडेतिकडे पाहून त्यांनी पुन्हा विचारलं, किती देल्ले.